उबुंटूत ग्राफिक्स ड्रायव्हरची स्थिती चुकीची दिसतेय: तसंच ठेवायचं की नव्याने बसवायचं?

सांगलीत लग्नाचे व्हिडिओ एडिट करणाऱ्या स्टुडिओत असो की विश्रामबागेतल्या विद्यार्थ्याच्या लॅपटॉपवर, तक्रार एकच असते. एनव्हिडियाचं कार्ड व्यवस्थित चालतंय, पण ‘अॅडिशनल ड्रायव्हर्स’ची विंडो ‘मॅन्युअली इन्स्टॉल्ड’ म्हणते आणि बाकीचे पर्याय निवडताच येत नाहीत.

काहीही काढण्याआधी टर्मिनलमध्ये ‘एलएसपीसीआय’ कमांड ‘-के’ लावून चालवा आणि कार्डाखालची ‘कर्नल ड्रायव्हर इन यूज’ ही ओळ वाचा. विंडोपेक्षा ही ओळ खरी माना. तिथे ‘नूव्हो’ (एनव्हिडिया कार्डांसाठीचा मुक्त-स्रोत ड्रायव्हर) दिसलं, तर एनव्हिडियाचा ड्रायव्हर चालू नाही.

ओळीत ‘एनव्हिडिया’ असेल आणि उद्या काम द्यायचं असेल, तर आज हात लावू नका. पण ड्रायव्हर एनव्हिडियाच्या साइटवरच्या ‘.रन’ फाइलने बसवला असेल आणि डीकेएमएस (नव्या कर्नलसाठी ड्रायव्हर आपोआप पुन्हा बांधणारी सोय) घेतलं नसेल, तर पुढच्या कर्नल (सिस्टिमचा गाभा) अपडेटनंतर तो लोड होणार नाही. म्हणून ही सवलत तात्पुरतीच समजा.

माझं मत उबुंटूच्या रिपॉझिटरीतल्या (उबुंटूच्या अधिकृत पॅकेज-साठ्यातल्या) ड्रायव्हरलाच. आधी ‘.रन’वाला असेल तर ‘एनव्हिडिया-अनइन्स्टॉल’, नाहीतर एनव्हिडियाची जुनी पॅकेजेस पर्ज (सेटिंग्जसकट काढून टाकणं). मग ‘उबुंटू-ड्रायव्हर्स इन्स्टॉल’ आणि रीस्टार्ट. विंडोतली नोंद बहुतेक वेळा इथेच सुधारते. डाउनलोड मोठं असतं, वेळ हाताशी ठेवा. खरी गोची सिक्युअर बूटची, म्हणजे सही नसलेला ड्रायव्हर लोड होऊ न देणाऱ्या सुरक्षा-सोयीची. इन्स्टॉल होताना पासवर्ड मागितला, तर तो लिहून ठेवा. मग रीस्टार्टला निळा स्क्रीन येतो, तिथे ‘एनरोल एमओके’ (ड्रायव्हरच्या सहीची किल्ली नोंदवणं) निवडून तोच पासवर्ड द्यायचा. घाईत ‘कंटिन्यू बूट’ दाबलं की पॅकेज बसलेलं, विंडोत ड्रायव्हर निवडलेला, आणि प्रत्यक्षात एनव्हिडियाचा ड्रायव्हर लोडच झालेला नाही! वळवाच्या दिवसांत यूपीएसशिवाय हे काम काढू नका. मध्येच लाईट गेली आणि पॅकेज अर्धवट राहिलं, तर आधी ‘सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए’ चालवा.

‘.रन’ फाइल तेव्हाच, जेव्हा लागणारी आवृत्ती रिपॉझिटरीत नाहीच. तशी बसवली की विंडो ‘मॅन्युअली इन्स्टॉल्ड’च म्हणणार, आणि ते बरोबरच आहे. अपडेटची जबाबदारीही मग तुमची. रोजच्या कमाईच्या मशीनवर मी हा मार्ग सुचवणार नाही.

कार्ड इंटेल किंवा एएमडीचं असेल तर यातलं काहीच करू नका. त्यांचे ड्रायव्हर कर्नलमध्येच असतात, त्यामुळे विंडो रिकामी दिसणं ही चूक नाही.