विंडोजमधला डिफेंडर की विकतचा अँटिव्हायरस?

चार-पाच संगणकांचं ऑफिस असेल, तर विंडोज १० आणि ११ सोबत फुकट येणारा डिफेंडर व्हायरस पकडण्याच्या कामात कमी पडत नाही. अडतं ते देखरेखीत. कुणी संरक्षण बंद केलं, कुणाचं अपडेट रखडलं, हे कळायला प्रत्येक टेबलाशी जावं लागतं. विकतच्या बिझनेस आवृत्तीत सगळं एकाच पडद्यावर दिसतं, पेनड्राइव्हवरही तिथूनच बंदी घालता येते. दरवर्षी प्रति संगणक पैसे मात्र मोजावे लागतात. माझं मत: दहा संगणकांच्या पुढे गेलात की विकतचाच घ्या. (घरगुती आवृत्ती ऑफिसात चालवू नका, परवाना बहुधा तसा नसतो.) बाकी विंडोज अपडेट दोन्हीकडे हवंच; २०१७ मध्ये वॉनाक्राय या फायली अडकवून खंडणी मागणाऱ्या व्हायरसने वापरलेली पळवाट बुजवणारं अपडेट हल्ल्याच्या दोन महिने आधीच आलं होतं.