आधी एचटीएमएल की मार्कडाउन?

बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यातील मराठी माध्यमाच्या मुलांना वेबपान लिहायला शिकवताना सुरुवात एचटीएमएल या वेबपानाची रचना सांगणाऱ्या भाषेने करावी की २००४ साली जॉन ग्रुबर यांनी प्रसिद्ध केलेल्या मार्कडाउन या साध्या चिन्हांच्या लेखनपद्धतीने, हा प्रश्न मला दर वर्षी पडतो. मार्कडाउन सोपे आहे, यात वाद नाही. ओळीच्या आरंभी हॅश (#) आणि एक मोकळी जागा दिली की मथळा तयार होतो. एचटीएमएलमध्ये मात्र प्रत्येक टॅगसाठी, म्हणजे कोनी कंसांत लिहायच्या खुणेसाठी, इंग्रजी कळफलकावर जावे लागते, कारण इनस्क्रिप्ट या देवनागरी कळफलकात कोनी कंसांच्या कळा दाबल्या की ‘ष’ आणि दंड उमटतो. मथळ्याचा टॅग बंद करायचा राहिला, तर खालचा सगळा मजकूर मोठ्या ठळक अक्षरांत दिसतो आणि वर्गात हशा पिकतो.

तरीही माझा कौल एचटीएमएललाच आहे. आमच्या सीमाभागात गावच्या यात्रेचे निमंत्रण मराठी आणि कन्नड अशा दोन्ही भाषांत एकाच पानावर लिहावे लागते, आणि तेथे परिच्छेदाच्या टॅगमध्ये ‘लँग’ या गुणधर्माला मराठीसाठी ‘एमआर’ व कन्नडसाठी ‘केएन’ असे मूल्य दिले की मजकूर वाचून दाखवणाऱ्या स्क्रीन रीडरला भाषा बदलल्याचे कळते. मूळ मार्कडाउनमध्ये यासाठी खूणच नाही. तेथे शेवटी एचटीएमएलचाच टॅग घालावा लागतो.