कच्छच्या इक्थिओसॉरसाठी गॉश रंग: बारा नळ्यांच्या संचाचा अनुभव

कच्छमधील लोडाई गावाजवळ सापडलेल्या आणि २०१७ मध्ये शोधनिबंधातून जगापुढे आलेल्या इक्थिओसॉरचे चित्र काढायचे, हे मी बरेच दिवस मनाशी धरले होते. सुमारे १५ कोटी २० लाख वर्षांपूर्वीचा, जवळपास साडेपाच मीटर लांबीचा हा सागरी सरपटणारा प्राणी. ज्युरासिक काळातल्या इक्थिओसॉरचा भारतात मिळालेला हा पहिलाच सांगाडा. या चित्रासाठी अप्पा बळवंत चौकातून गॉशचा, म्हणजे अपारदर्शक जलरंगांचा, विद्यार्थी दर्जाचा बारा नळ्यांचा संच साडेनऊशे रुपयांना घेतला आणि दीड महिना वापरला.

या विषयाला गॉश हे माध्यम फार योग्य आहे. मूळ सांगाड्यात कवटीचे आणि शेपटीच्या हाडांचे काही भाग नाहीत, त्यामुळे ते इतर इक्थिओसॉरांच्या जीवाश्मांवरून पूर्ण करावे लागतात आणि चित्र चालू असतानाच आकार बदलतो. मी मुस्कटाची लांबी दोनदा सुधारली. पारदर्शक जलरंगात तो कागद टाकूनच द्यावा लागला असता. शेपटीचेही तसेच. इंग्रज भूवैज्ञानिक हेन्री डी ला बीच यांनी १८३० साली जीवाश्म शोधणाऱ्या मेरी ॲनिंग यांना मिळालेल्या जीवाश्मांच्या आधारे केलेल्या जलरंगचित्रात इक्थिओसॉरची शेपटी सरळ दिसते, कारण शेपटीच्या टोकाचा उभा, चंद्रकोरीसारखा पर जर्मनीतील होल्झमाडेनच्या जीवाश्मांमुळे पुढे कितीतरी वर्षांनी कळला. त्या पराची धारदार कड या रंगांनी एका फटकाऱ्यात उमटली.

खरी परीक्षा पाठीपासून पोटापर्यंतच्या छटेची होती. होल्झमाडेनच्याच एका इक्थिओसॉरच्या टिकून राहिलेल्या त्वचेचा जो अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यानुसार पाठ गडद आणि पोट फिके होते. गॉशमध्ये गडद छटा वाळल्यावर उजळते आणि फिकी छटा थोडी गडद होते, त्यामुळे ओल्या रंगात साधलेला उतार वाळल्यावर टिकत नाही. माझ्या पहिल्या कागदावर कुशीवर राखाडी पट्टाच उमटला. हा माध्यमाचा स्वभाव आहे, संचाचा दोष नव्हे. प्रत्येक मिश्रण त्याच कागदाच्या पट्टीवर आधी वाळवून पाहिले की ही अडचण सुटते. पांढऱ्या रंगाबद्दल मात्र माझी तक्रार आहे. तो विरळ आहे, पोटाला त्याचे दोन हात द्यावे लागले, आणि दुसरा हात देताना खालचा रंग विरघळून वर आला.

डोळ्याच्या कामात मात्र संचाने मन जिंकले. याच कुळातील ऑफ्थॅल्मोसॉरसचा डोळा २० सेंटिमीटरहून मोठा होता; तेच प्रमाण धरून माझ्या एकास वीस मापाच्या चित्रात तो एक सेंटिमीटरच्या आसपास आला. काळ्या रंगाऐवजी अल्ट्रामरीन आणि बर्न्ट अंबर दाट कालवून शून्य नंबरच्या ब्रशने भरला, तर बुबुळाची कड जराही पसरली नाही. (डोळ्यातले हाडांचे कडे बुबुळाभोवती बाहेरून रंगवू नये, ते नेत्रगोलाच्या आत असते.)

रंगद्रव्यांचे संकेतांक, म्हणजे नळीत नेमके कोणते रंगद्रव्य आहे हे सांगणारे क्रमांक, सर्व नळ्यांवर नाहीत, ही गंभीर उणीव आहे; त्यामुळे कोणता रंग उजेडात विटेल हे आधी कळत नाही. गुलाबी आणि जांभळ्याची पट्टी अर्धी झाकून दक्षिणेच्या खिडकीत महिनाभर ठेवली, तर गुलाबी उघड्या बाजूला स्पष्टपणे विटला होता. समुद्राच्या चित्रात त्याची गरजही पडत नाही, कारण पाण्यात लाल प्रकाश सर्वांत आधी शोषला जातो. प्रत्यक्षात बारापैकी पाचच नळ्या वापरल्या गेल्या: अल्ट्रामरीन, इंडिगो, बर्न्ट अंबर, यलो ऑकर आणि पांढरा. ज्यांना असेच चित्र करायचे आहे त्यांनी या पाच नळ्या सुट्या घ्याव्यात, पांढरा टायटेनियमचा आणि मोठ्या नळीत घ्यावा, आणि वाचलेले पैसे ३०० जीएसएमच्या (दर चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाच्या) जाड सुती कागदावर खर्च करावेत. पातळ कागद वळला की पाठीवरच्या दाट लेपाला तडे जातात.