वाइंडिंगवाल्याने लावलेले रोलर

माझा धंदा मोटर वाइंडिंगचा. नागपुरात इतवारीत छोटं दुकान आहे, एप्रिल लागला की कूलरच्या जळलेल्या मोटरींचा ढीग दारापर्यंत येतो. मग केसांच्या रोलरबद्दल हा माणूस काहून लिहून राहिला? तर आमच्या मिसेसच्या उजव्या खांद्यामुळे. डिसेंबरात तो जाम झाला. डॉक्टर फ्रोजन शोल्डर म्हणाले. हात कानाच्या वर जाईना. वेणी गेली, अंबाडा गेला, शेवटी तिने केस खांद्यापर्यंत कापून टाकले, आणि कापल्यावर ते खराट्यासारखे सरळ पडले. फेब्रुवारीत भाच्याचं लग्न. हळद, लग्न, रिसेप्शन, तिन्ही वेळा पार्लरवाली बोलवायची म्हणजे खर्च तिप्पट. एक दिवस जेवताना म्हणाली, "अहो, दिवसभर तार गुंडाळता, माझे केस नाही का गुंडाळता येणार?"

दुसऱ्या दिवशी बर्डीवर गेलो. मेन रोडच्या आतल्या गल्लीत कॉस्मेटिकचं दुकान, काउंटरवर पोरगा. म्हणाला, "अंकल, बडे वाले लेके जाओ, बडे रोलर से बडे कर्ल आते." दिसायला खरं वाटतं. मी 64 मिलिमीटर व्यासाचे वेल्क्रो रोलर घेतले, सहाचा सेट. घरी लावले, तासाभराने काढले. कर्ल कुठले! मुळाशी केस फुगले आणि टोकं आत वळली, बस्स. मिसेस आरशात पाहून म्हणाली, "बरं आहे, पण मी बटा म्हटल्या होत्या."

चूक दुकानदाराची कमी, माझी जास्त. आयुष्यभर फर्म्यावर, म्हणजे तार गुंडाळायच्या साच्यावर, कॉइल काढली आणि वेढे मोजायचे विसरलो. रोलर म्हणजे फर्माच. मिसेसच्या केसांची लांबी टेपने मोजली, 30 सेंटिमीटर. 64 च्या रोलरचा घेर 20 सेंटिमीटर, म्हणजे वेढे दीड. दीड वेढ्यात फार तर लाट येते, खरी बट यायला साधारण अडीच लागतात आणि एकच वेढा बसला तर केस फक्त सी अक्षरासारखे वाकतात. 44 चा घेर पावणेचौदा, तिथे वेढे दोनाच्या थोडे वर. 25 च्या स्पंजच्या रोलरवर पावणेचारापर्यंत. वरचा थर आतल्या थरावर बसतो म्हणून प्रत्यक्षात याहून थोडे कमीच मिळतात. त्यामुळे दुकानात रंग बघू नका, पाकिटावरचा बाईचा फोटो तर मुळीच बघू नका. घरून केस मोजून जा, रोलरचा व्यास तीनने गुणा आणि भागाकार करा. कंबरेपर्यंत केस असतील तर 64 मध्येही झकास बटा येतील, तो पोरगा कदाचित तशाच गिऱ्हाइकांना विकत असेल.

64 वाया मात्र गेले नाहीत. डोक्याच्या मधल्या भागात, जिथे तिचे केस विरळ झाले आहेत, तिथे दोनच लावतो. केसांची बट कपाळाच्या दिशेने ताणून धरायची, मग टोकापासून मुळापर्यंत गुंडाळायची, म्हणजे रोलर मुळाच्या बरोबर वर बसतो आणि केस उभे राहतात. बट खाली लोंबती ठेवून गुंडाळली तर रोलर मुळापासून दूर बसतो आणि फुगवटा येत नाही. कानामागे हे चालतं, तिथे कोणाला फुगवटा हवा असतो? आणि बटेची जाडी रोलरच्या व्यासाइतकीच घ्यायची. जास्त कोंबली तर आतले केस ओले राहतात.

वेल्क्रोची एक भानगड सांगतो. तो ओल्या केसांत लावायचा नसतो, जवळपास वाळलेल्या केसांत लावायचा. मी पहिल्या आठवड्यात ओल्यात लावला आणि काढताना उलगडण्याऐवजी सरळ ओढला. असा गुंता झाला की शेवटी दुकानातला नोज प्लायर आणून वेल्क्रोचे दात एकेक तोडावे लागले. मिसेस दोन दिवस बोलली नाही.

पुण्याहून मुलीने फ्लेक्सी रॉड पाठवले, फोमच्या लांब दांड्या, आत वाकणारी तार. हे मला सर्वांत आवडले, कारण सांगायला नको. अर्धवट ओल्या केसांत बट दांडीवर तिरकी, वेढ्याशेजारी वेढा अशी चढवायची, एकावर एक नाही. मग दोन्ही टोकं वाकवली की झालं, पिन नाही, क्लिप नाही. 12 मिलिमीटरच्या रॉडने स्प्रिंगसारख्या बारीक बटा येतात. मिसेस म्हणाली, "मी काय कॉलेजची पोरगी आहे?" 18 चे तिला चालले. तक्रार एकच. तीन महिन्यांत दोन रॉडमधली तार तुटली, नेहमी एकाच जागी वाकवल्यामुळे. कोणतीही तार तशीच तुटते. रोज थोडी जागा बदलून वाकवा.

स्पंजचे रोलर सगळ्यांत स्वस्त. ते घालून रात्री झोपता येतं, असं पाकिटावर लिहिलं आहे. झोपता येतं, पण त्या रात्री मिसेस तीनदा उठली. शिवाय स्पंज तेल पितो, त्यामुळे खोबरेल लावलेल्या डोक्याला ते नकोच. तेल असलं की बटही धरत नाही, आधी डोकं धुवायलाच हवं.

शेजारच्या पार्लरमधून एक दिवस गरम रोलरचा सेट मागून आणला. वीस मिनिटांत काम होतं, पण रोलर पूर्ण गार होईपर्यंत हात लावायचा नाही. गरम असताना काढले की बट लगेच ढिली होते. फोनवर मुलीने कारण सांगितलं, ती फार्मसीवाली. केसातल्या केराटिन नावाच्या प्रथिनात हायड्रोजनचे बंध असतात, पाण्याने किंवा उष्णतेने ते सुटतात आणि वाळताना, गार होताना केस ज्या आकारात असेल त्या आकारात परत जुळतात. पार्लरचं पर्मिंग वेगळं, तिथे रसायनाने डायसल्फाइड बंध तोडून जोडतात, म्हणून ते महिनोन्महिने टिकतं. आमचं काम पुढचा ओलावा लागेपर्यंतच.

ते मला मे महिन्यात नीट समजलं. लग्नाच्या थंडीत रिसेप्शनला रात्री अकरापर्यंत बटा जागच्या जागी होत्या, नणंदा चौकशी करून गेल्या. मेमध्ये बारशाला जायचं होतं. बाहेर 45 डिग्री, हवा कोरडी ठाक, वाटलं आता तर आणखी टिकतील. अर्ध्या तासात सरळ! माझं गुंडाळणं चुकलं म्हणून परत लावले, परत तेच. मग लक्षात आलं की मिसेस तयार होऊन कूलरसमोर बसली होती. बाहेर कोरडं असो, कूलरची हवा ओली. आणि त्या कूलरची मोटर मीच मार्चमध्ये नवीन वाइंडिंग करून बसवली होती, फर्राटे मारत होती.

आता रोलर लागले की आमच्याकडे कूलर बंद, नुसता पंखा. मी बनियनवर उभा राहून घाम पुसत बारा बटा घेतो, ती मोबाइलवर मालिका बघते. खांदा थोडा सुटला आहे, हात कपाळापर्यंत जातो.

घ्यायचेच असतील तर खांद्यापर्यंतच्या केसांना सैल बटांसाठी 44 चे वेल्क्रो घ्या, पण सहाचा सेट पुरत नाही, बारा लागतात. सोबतच्या क्लिपा कामाच्या नाहीत, दुसऱ्याच दिवशी माझ्या तीन तुटल्या. मी आता दुकानातल्या छोट्या चिमट्या वापरतो, मिसेसला अजून सांगितलेलं नाही की त्या वार्निशच्या डब्याशेजारच्या आहेत.