हरभरा निघाला, ऐकणं सुरूच आहे

दिवाळीनंतर हरभऱ्याचं ओलीत सुरू झालं, तेव्हापासून पंडित रविशंकरांच्या ‘द लिव्हिंग रूम सेशन्स’ या सतारीच्या अल्बमचा पहिला भाग ऐकतोय. आमच्याकडे यवतमाळ जिल्ह्यात वावरातली थ्री फेज लाईन बरेचदा रात्रीच येते. मोटार सुरू करायची, स्प्रिंकलरचे पाइप लावायचे, की पुढचे तीन तास बसून राहायचं. त्या तीन तासांत हा अल्बम माझ्यात मुरला.

हे वादन सभागृहातलं नाही, स्टुडिओतलंही नाही. ऑक्टोबर २०११ मध्ये कॅलिफोर्नियातल्या एन्सिनिटासच्या राहत्या घरी, बैठकीच्या खोलीत पंडितजी वाजवायला बसले. वय ९१. तबल्याला तन्मय बोस. २०१२ मध्ये अल्बम आला, त्याच वर्षी ११ डिसेंबरला ते गेले, आणि फेब्रुवारी २०१३ मध्ये त्याला ग्रॅमी मिळालं.

मी भजनी मंडळात पेटी वाजवतो. त्यामुळे यातला मालगुंजी राग पहिल्यांदा ऐकला तेव्हा ओळखीचा बागेश्री रागच वाटला. तिसऱ्या-चौथ्या रात्री लक्षात आलं, चढताना शुद्ध गंधार (‘ग’ सूर) लागतोय आणि उतरताना कोमल. घरी येऊन पेटीवर ते दोन गंधार शोधले. सापडले, पण पेटीची पट्टी दाबली की सूर तिथंच उभा राहतो. पंडितजी तार ओढून एका सुरातून दुसऱ्यात जे सरकत जातात, ते पेटीवर यायचं नाही. तेवढ्या एका जागेसाठी मी कितीतरी वेळा मागे नेऊन ऐकलंय.

बोटं तरुणपणासारखी धावत नाहीत, हे कळतं. मला त्याचं वाईट वाटलं नाही. आमच्या मंडळातले एक म्हातारे खंजिरीवाले आता कार्यक्रमाला येत नाहीत, पण सांजच्याला बाजेवर बसून वाजवतात. चार थापा कमी पडतात, पण जी पडते ती नेमकी पडते. इथंही तसंच आहे. कुणाला काही दाखवायचं राहिलेलं नाही, म्हणून सूर निवांत लागतो.

खमाज मला त्यामानाने कमी धरून ठेवतो. ‘सत्यजित’ हा राग सत्यजित राय यांच्या नावाचा. ‘पथेर पांचाली’चं संगीत पंडितजींचंच, हे माहीत असलं की तो जास्त आत जातो. लांबलचक आलाप आणि शेवटचं भरधाव वादन, म्हणजे ‘झाला’, हवा असेल, तर त्यांची जुनी रेकॉर्डिंग आधी ऐका.

एक सांगतो, मोबाइलच्या स्पीकरवर ऐकू नका. खर्जाच्या, म्हणजे खालच्या सुरांच्या तारा ऐकूच येत नाहीत, तरफांची (आपोआप झंकारणाऱ्या खालच्या बारीक तारांची) आसही हरवते. महिनाभर मी तसंच ऐकलं, तो महिना वाया गेला. मग वायरवाले इयरफोन घेतले. वावरात मात्र एकाच कानात घालायचो, रानडुकरं आलेली कळायला हवीत ना.

आता रात्रीच्या चकरा संपल्या. जेवण झालं की छपरीत बसून दोन्ही कानांनी यातलाच केदार राग ऐकतो.