अॅफिलिएट ट्रॅकिंग टूल: दोन लाँचनंतरचा अनुभव

आमचा मोडी लिपीचा रेकॉर्डेड कोर्स आहे. फेसबुकवर जाहिरातींचे पैसे ओतण्यापेक्षा, ज्यांच्या शब्दावर लोक खरेदी करतात त्यांनाच कमिशन द्यायचं ठरलं आणि दिवाळीच्या लाँचआधी, कुणाच्या लिंकवरून किती विक्री झाली ते मोजणारं हे टूल साइटला जोडलं. पार्टनर म्हणजे किल्ल्यांवर ट्रेक नेणारे, इतिहासाची पेजेस चालवणारे आणि दोन निवृत्त शिक्षक. टूलचं नाव मुद्दाम देत नाही.

चांगली बाजू आधी. प्रत्येक पार्टनरला स्वतःचा डॅशबोर्ड मिळतो. क्लिक किती, विक्री किती, हे त्याला स्वतःलाच दिसतं. "माझे किती झाले हो?" असे फोन बंद झाले. पैशांच्या व्यवहारात निम्मा संशय तिथेच मिटतो.

खरी डोकेदुखी 'लास्ट क्लिक'ची, म्हणजे खरेदीआधी शेवटची लिंक ज्याची दाबली, कमिशन त्याचं. आमच्या एका सरांनी ग्रुपवर आठवडाभर जुनी कागदपत्रं वाचून दाखवली, लोकांच्या शंका सोडवल्या. शेवटच्या रात्री दुसऱ्याच पार्टनरने "आज शेवटचा दिवस" म्हणून लिंक टाकली. लोकांनी ती दाबली आणि कमिशन गेलं त्याच्या खात्यात. टूलच्या नियमाने बरोबर, पण सरांना काय सांगणार? दोघांत वाटून द्यायची सोय आमच्या प्लॅनमध्ये नाही. आता प्रत्येकाला कूपन कोड दिलाय आणि लिंकपेक्षा कोड वरचढ अशी सेटिंग ठेवलीय. 'SAR10' वगैरे न ठेवता कोड देवनागरीत हवा होता, तो मात्र टूल घेत नाही.

कोडचा आणखी एक फायदा. इन्स्टाग्रामवरची लिंक अॅपच्याच ब्राउझरमध्ये उघडते. माणूस तिथे पान बघतो, पैसे रात्री लॅपटॉपवरून भरतो. कुणाच्या लिंकवरून आला याची नोंद (कुकी) फोनमध्येच राहिली, विक्री बेवारस. कोड लक्षात राहतो.

पैसे देण्याबद्दल: आमची रिफंडची मुदत सात दिवस, पण टूल मुळात तीस दिवस कमिशन 'पेंडिंग' दाखवतं. ते दहावर आणलं. टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापायचा आयकर, टूल कापत नाही. आमची एलएलपी (मर्यादित जबाबदारीची भागीदारी संस्था) असल्याने तो कापावाच लागतो: ऑक्टोबर २०२४पासून दर ५ऐवजी २ टक्के, एप्रिल २०२५पासून एकाला वर्षात २० हजारांपेक्षा जास्त कमिशन गेलं तरच कपात. पॅन नसेल तर थेट २० टक्के. डॅशबोर्डवर एक आकडा आणि बँकेत दुसरा दिसला की माणूस बिचकतोच. म्हणून पैसे पाठवायच्या आदल्या दिवशी कपातीसकट हिशोब व्हॉट्सअॅपवर जातो.

पोस्टच्या सुरुवातीलाच 'जाहिरात' लिहायची अट आम्ही घातलीय. तसा अॅस्कीचा (जाहिरात क्षेत्राच्या स्वनियमन संस्थेचा) नियम २०२१पासून आहेच. एका मोठ्या पेजवाल्याला ते पटलं नाही, तो गेला. जाऊ दे.

पाचपैकी साडेतीन. सपोर्टवाले इंग्रजीत साचेबद्ध उत्तरं पाठवतात आणि वार्षिक प्लॅन गळ्यात मारतात. आम्ही महिन्याच्याच प्लॅनवर आहोत. कमिशन वाटून देणारं दुसरं टूल कुणी वापरत असेल तर खाली सांगा.