हॅलोविनला दारात थांबायचं की वाडगा ठेवायचा?
अमेरिकेत हॅलोविनला, म्हणजे ३१ ऑक्टोबरच्या संध्याकाळी, मुलं सोंगं घेऊन दारोदार खाऊ मागत फिरतात. दारावरचा दिवा चालू असेल तर बेल वाजवतात, बंद असेल तर पुढच्या घरी जातात. दिवा लावलात, तर खाऊ स्वतः वाटायचा की पायरीवर वाडगा ठेवून द्यायचा?

घरी असाल तर स्वतःच वाटा. अंधार पडताना चिमुकली येतात, मोठी उशिरा. सुरुवातीला प्रत्येकी एक-दोन छोटी चॉकलेटं द्या. गर्दी ओसरली की हात सैल सोडा. साठा संपताच दिवा बंद करा, नाहीतर बेल वाजतच राहते. मिसरूड फुटलेल्या मुलाला वय विचारू नये, खाऊ द्यावा. बेलने कुत्रा बिथरत असेल तर खुर्ची बाहेर टाकून बसा.

वाडगा त्यांच्यासाठी, जे स्वतःच्या मुलांबरोबर फिरायला जातात. 'एकच घ्या' ही पाटी बहुधा पहिल्या टोळक्यापुढेच हरते. म्हणून सगळा साठा एकदम ओतू नये. शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असलेल्यांना इथे विचारायला कुणी नसतं. वेगळ्या भांड्यात स्टिकर, पेन्सिली ठेवा आणि शेजारी निळसर-हिरवा भोपळा. 'इथे खाऊऐवजी दुसरं काही मिळेल' ही २०१४पासून देशभर रुजलेली खूण पालक ओळखतात.

मराठी घरांची अडचण वेगळी. २०२४मध्ये नरक चतुर्दशी ३१ ऑक्टोबरलाच होती. दारात कंदील लागला की मुलं येणारच! पायरीवर मात्र बॅटरीच्या पणत्या ठेवा, लोळणारे झगे पेट घेऊ शकतात. चकल्या-लाडू पिशव्यांत टाकू नका, सुटा घरगुती खाऊ पालक बहुतेक वेळा फेकून देतात. शेजाऱ्यांना फराळाचा डबा दुसऱ्या दिवशी द्या.